पर्यावरणाचे अर्थशास्त्र : बिलात न लिहिलेला खर्च

(उत्सवातील विद्यार्थी मेळाव्यात गिंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आयआयटीत शिकणारी आपली मुलं आरतीला येतात, प्रसाद घेतात आणि जातात. यंदा त्यांना पाऊण तास बसवून ठेवा." मी विचारलं, विषय कोणता? म्हणाले, "पर्यावरण घ्या. पण 'झाडे लावा'च्या पलीकडचं काहीतरी सांगा." मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. तेव्हा झाडांचं मला फारसं कळत नसलं तरी हिशोबाचं थोडं कळतं. आज तो हिशोबच मांडणार आहे. आलेख नाही, समीकरण नाही. महाप्रसादाची वेळ मीही पाळणार आहे.

हे माझ्या हातात काय आहे? पाकीट. चामड्याचं आहे. मागच्या दिवाळीत इथेच चेन्नईत घेतलं, सहाशे रुपयांना. आता मला सांगा, या सहाशे रुपयांत काय काय आलं? (मुलांतून उत्तरं : चामडं, दोरा, मजुरी, दुकानाचं भाडं, जीएसटी, दुकानदाराचा नफा.) शाबास. कॉमर्सच्या मुलांनी जाहिरातही धरली असती. सगळं बरोबर आहे. दुकानदार खूश, कारण त्याला नफा मिळाला. मी खूश, कारण मला पाकीट मिळालं. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात आम्ही हेच शिकवतो, की दोघांनी राजीखुशीने केलेल्या व्यवहारात दोघांचंही भलं होतं. हा धडा खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : व्यवहार फक्त दोघांचाच आहे. तिसऱ्या कोणाला त्याची झळ पोहोचत नाही.

या पाकिटाच्या व्यवहारात तिसरा माणूस आहे का? त्यासाठी आपल्याला इथून बंगळूरच्या रस्त्याला शे-दोनशे किलोमीटर जावं लागेल. राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी ही नावं तुम्ही रेल्वेतून जाताना वाचली असतील. पालार नदीच्या काठची ही गावं. चामडं कमावण्याचा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पूर्वी तिकडे झाडांच्या सालीने कातडी कमावत. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड असतो ना, त्यालाच तमिळमध्ये आवारम म्हणतात. त्याची साल त्यासाठी वापरायचे. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. त्या पद्धतीला वेळ लागतो. पुढे क्रोमियमचे क्षार वापरून काम झटपट होऊ लागलं, माल परदेशी जाऊ लागला, कारखाने वाढले. एक किलो चामडं तयार करायला पस्तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. हे पाणी शेवटी कुठेतरी सोडायचं असतं. ते सोडलं शेतात, ओढ्यात आणि पालारच्या वाळूत.

त्या पाण्यात दोन गोष्टी मुख्य. एक क्रोमियम, आणि दुसरी आपलं साधं मीठ. कच्ची कातडी कुजू नये म्हणून ती मिठात घालून आणतात. कारखान्यात पहिल्यांदा ते मीठ धुऊन काढावं लागतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना माहीत असेल, की सांडपाण्यातली घाण जिवाणूंकडून खाऊन घेता येते, पण मीठ कोणताही जिवाणू खात नाही. ते जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं.

काही वर्षांपूर्वी मी त्या भागात एका ओळखीच्यांच्या लग्नाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो होतो त्यांच्या परसात चांगली बांधीव विहीर होती. दगडी पायऱ्या, वर कप्पी. उन्हातून आल्यावर मी सहज पोहऱ्याकडे हात केला, तर घरातल्या अम्मा धावत आल्या. आतून कॅनमधलं पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "ही विहीर माझ्या सासऱ्यांनी खणली. दारच्या पाहुण्याला त्यातलं पाणी देता येत नाही याची मला लाज वाटते." मित्रांनो, लाज त्यांना वाटत होती! त्यांनी कोणाचं काहीच बिघडवलं नव्हतं. पाकीट मी घेतलं, नफा दुसऱ्याने कमावला, आणि विहीर गेली त्यांची. ना त्यांना कोणी विचारलं, ना सहाशे रुपयांतला एक पैसा त्यांना मिळाला.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. व्यवहाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसावर पडलेला खर्च. आज एवढा एक शब्द घेऊन घरी गेलात तरी माझं काम झालं. लक्षात ठेवा, बिलात लिहिला नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो कोणीतरी भरतोच. फक्त तो माणूस आपल्याला दिसत नाही.

आणि गंमत बघा, हा खर्च राष्ट्रीय उत्पन्नातही उलटा दिसतो. अम्मांच्या विहिरीचं पाणी गोड आणि फुकट होतं, तोवर देशाच्या हिशोबात त्याची नोंद नव्हती. विहीर नासली, कुटुंब दर दोन दिवसांनी कॅन विकत घेऊ लागलं, आणि उत्पन्न वाढल्याची नोंद झाली! म्हणून 'जीडीपी वाढला' अशी बातमी वाचाल तेव्हा त्यात गमावलेल्या विहिरी कुठे वजा केल्या आहेत, हे जरूर विचारा.

आता ही हकिकत कोर्टापर्यंत कशी गेली ते सांगतो, कारण पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम त्या एका खटल्यात आहे. वेल्लोरच्या नागरिकांच्या मंचाने १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तमिळनाडूच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे नऊशे टॅनऱ्यांचा प्रश्न होता. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार जवळजवळ ३५,००० हेक्टर शेतजमीन पूर्ण किंवा अंशतः नापीक झाली होती. दिंडिगलकडच्या तेरा गावांत ४६७ विहिरी तपासल्या, त्यांतल्या ३५० बिघडलेल्या निघाल्या. चारांतल्या तीन विहिरी!

२८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. चामड्याचा धंदा देशाला परकीय चलन देतो, लोकांना रोजगार देतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण म्हणून निसर्ग नासवण्याचा हक्क त्याला मिळत नाही, असं स्पष्ट सांगितलं. दोन तत्त्वं त्या निकालाने देशाच्या कायद्यात पक्की बसवली. एक, सावधगिरीचं तत्त्व : नुकसान होण्याचा गंभीर धोका दिसत असेल तर शंभर टक्के पुराव्याची वाट बघत बसायचं नाही. दुसरं, जो प्रदूषण करील त्याने भरावं. प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला, नुकसानभरपाई ठरवायला वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि मद्रास उच्च न्यायालयात पर्यावरणासाठी खास हरित खंडपीठ बसवण्याची विनंती केली.

प्राधिकरणाने २००१ साली वेल्लोर भागाचा हिशोब मांडला. एकोणतीस हजारांवर बाधित लोक आणि सुमारे २७ कोटी रुपये भरपाई. मुलांनो, भागाकार करा. माणशी नऊ-सव्वानऊ हजार रुपये. आता अम्मांची विहीर, तिच्यावरची नारळाची झाडं, तीस वर्षांचं विकतचं पाणी हे सगळं डोळ्यांपुढे आणा आणि सांगा, हिशोब जुळला का?

बरं, तेवढं तरी वेळेवर मिळालं का? वाद चालूच राहिला. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की ज्या बाधित कुटुंबांना अजून भरपाई मिळालेली नाही त्यांना सरकारने सहा आठवड्यांत ती द्यावी आणि मग प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावी. १९९१ ते २०२५. चौतीस वर्षं. त्या वेळी जे मूल पाळण्यात होतं, त्याची मुलं आता शाळेत जातात.

इथे अर्थशास्त्राचा दुसरा धडा येतो. काळाची किंमत. साधा नियम सांगतो : सात टक्के व्याजाने पैसे साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात. हाच हिशोब उलटा करा. आज ठरलेले शंभर रुपये वीस वर्षांनी हातात आले, तर त्यांची आजची किंमत पंचवीस रुपयेच. म्हणजे दिरंगाई हीसुद्धा एक सूट आहे, आणि ती मिळते नुकसान करणाऱ्याला. न्यायाला उशीर झाला असं आपण सहज म्हणून जातो. अर्थशास्त्र सांगतं, तो उशीर रुपयांत मोजता येतो आणि तो कोणाच्या खिशातून गेला तेही सांगता येतं.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, एवढं आहे तर सगळे कारखाने बंदच का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण त्या कारखान्यांत काम करणारी माणसंही त्याच गावांतली आहेत. शून्य प्रदूषण हवं असेल तर शून्य चामडं करावं लागेल. पाकीट नाही, बूट नाही, आणि मजुरीही नाही. म्हणून अर्थशास्त्र विचारतं, प्रदूषण किती कमी करावं? कुठवर?

गणपतीच्या आधी आपण घर झाडतो. पहिला केर काढायला दहा मिनिटं लागतात आणि निम्मी घाण जाते. मग जळमटं काढायला तासभर. मग माळ्यावरचे डबे, मग पंख्याची पाती, मग खिडकीच्या खाचेतली काजळी. प्रत्येक पुढच्या पायरीला कष्ट जास्त आणि निघणारी घाण कमी. कारखान्याचंही तसंच. पाणी गाळणं स्वस्त, जिवाणूंकडून साफ करणं त्याहून महाग, आणि मीठ वेगळं करायला पडद्यांतून पाणी दाबून काढायचं, उरलेलं आटवायचं, ते सर्वांत महाग. याला आम्ही सीमांत खर्च म्हणतो, म्हणजे पुढची एक पायरी चढायचा खर्च. ती पायरी चढल्याने वाचणारं नुकसान त्या खर्चाहून जास्त असेल तोवर चढत राहायचं. पालारच्या काठी घोडं कुठे अडलं? पुढची पायरी चढायचा खर्च मालकाच्या खिशातून जाणार होता आणि न चढण्याचा खर्च अम्मांच्या. मग मालक पायरी कशाला चढेल? तो दुष्ट असायची गरज नाही. फक्त हिशोबी असला तरी पुरे.

यावर उपाय काय? पुस्तकांत मुख्यतः चार सापडतात. भराभर सांगतो.

पहिला, नियम. सरकारने मर्यादा आखायची, तपासायचं, मोडली तर कारवाई. तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मुख्य कार्यालय आपल्या गिंडीतच, अण्णा सालैवर आहे. येता-जाता पाटी पाहिली असेल. नियम हवेतच, पण लहान कारखान्याला एकट्याने मोठं यंत्र परवडत नाही. म्हणून पालारच्या पट्ट्यात अनेक टॅनऱ्यांनी मिळून सामाईक शुद्धीकरण केंद्रं उभारली. आणि कमी क्रोमियम, कमी मीठ वापरून चामडं कसं कमवायचं याचं संशोधन तुमच्या शेजारी, सरदार पटेल रस्त्यावरच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत होतं. १९४८ सालची संस्था आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तिथे एकदा जरूर डोकावावं.

दुसरा उपाय, कर. आर्थर पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडलं, की तिसऱ्यावर जेवढा खर्च पडतो तेवढा कर मूळ वस्तूवर लावा. मग किंमत खरं बोलेल. आपल्याकडे २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पण २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला. कर लावणं सोपं. ज्या कामासाठी लावला तिथेच तो पोचवणं अवघड.

तिसरा, परवान्यांचा बाजार. एकूण धूर किती चालेल ते सरकारने ठरवायचं आणि तेवढेच परवाने वाटायचे. ज्याला धूर स्वस्तात कमी करता येतो त्याने तो करावा आणि उरलेले परवाने विकावेत. हे परदेशातच चालतं असं समजू नका. सुरतमध्ये २०१९ साली तीनशेवर कारखान्यांत हा प्रयोग गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने केला. धुरातल्या कणांच्या बाबतीत असा बाजार जगात पहिलाच. बाजारात सामील झालेल्या कारखान्यांतून निघणारे कण वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाले, आणि खर्चही आटोक्यात राहिला.

चौथा, आपसांत सौदा. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली दाखवलं, की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष मिळूनच तोडगा काढतील. वाचायला छान वाटतं. पण एका बाजूला शेकडो टॅनऱ्या आणि दुसऱ्या बाजूला एकोणतीस हजार माणसं, ही कुठल्या मंगल कार्यालयात बसून सौदा करणार? कोणाच्या पाण्याने कोणाची विहीर नासली हे कसं सिद्ध करणार? म्हणूनच कोर्टात जावं लागलं. कोस चुकले नव्हते. बोलणीच महाग पडतात तिथे सौदा होत नाही, हे त्यांचंच सांगणं आहे.

इथवर आपण दुसऱ्याने केलेल्या नुकसानीचं बोललो. आता जरा आपल्या घराकडे वळू. जिथे नुकसान करणारे आणि सोसणारे आपणच असतो, तिथे काय करायचं?

२०१९ चा उन्हाळा चेन्नईत ज्यांनी काढला त्यांनी हात वर करा. (बरेच हात वर.) पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम, चारही तलावांनी तळ गाठला होता. तण्णी लॉरीच्या मागे घागरी घेऊन धावणं आठवतं ना? जुलैमध्ये रेल्वेने पाणी आणलं. १२ जुलैला पहिली गाडी आली, पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. कुठून? जोलारपेट्टैहून. म्हणजे वाणियंबाडीच्या शेजारून! ज्या मुलखातल्या विहिरी आपल्या चामड्यापायी गेल्या, त्याच मुलखाने त्या उन्हाळ्यात शहराला पाणी पाजलं. मी त्या वेळी पेपर हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो होतो.

शहराच्या पोटातलं पाणी कुठे गेलं होतं? प्रत्येक इमारतीने आपापली बोअर खोल नेली. शेजाऱ्याने दोनशे फूट नेली म्हणून आपण तीनशे. गावाकडच्या गायरानासारखंच हे. गायरान सगळ्यांचं, गाय ज्याची त्याची. आणखी एक गाय सोडली तर दूध माझं, गवताचा तोटा सगळ्यांचा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली म्हटलं, की अशाने सामाईक गोष्टीची शोकांतिका ठरलेलीच.

पण ठरलेली नाही, असं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची गावं फिरून, अभ्यासून दाखवलं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लोक एकत्र बसून स्वतः नियम करतात, स्वतः पहारा ठेवतात, तिथे गायरान टिकतं. आपल्याला यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम काय? पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकरापुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. पुढे नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. घरखर्चाचा ताळेबंद मांडतो तसा. आपल्या इमारतीच्या सोसायटीच्या बैठकीत दिवाळीच्या रोषणाईवर तासभर बोलतो. बोअरची पातळी किती खाली गेली, यावर कधी दहा मिनिटं बोललो का? २००३ साली या राज्याने पावसाचं पाणी जिरवणं प्रत्येक इमारतीला सक्तीचं केलं. आपल्या इमारतीतला तो खड्डा गाळाने बुजला आहे की चालू आहे, हे आज घरी गेल्यावर बघा.

शेवटचा मुद्दा. ज्याला बाजारात किंमतच नाही, त्याचं काय?

तुमच्या कॉलेजला लागूनच गिंडीचं राष्ट्रीय उद्यान आहे. शहराच्या पोटात २७० हेक्टर रान. त्यात काळवीट आणि चितळ. इथल्या मापात सांगायचं तर सुमारे बारा हजार ग्राउंड! या भागात एका ग्राउंडचा भाव काय चालतो हे इथल्या काकांना विचारा, आणि गुणाकार कागदावर करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर शून्यं मावायची नाहीत. मग कोणी म्हणेल, एवढी जमीन हरणांसाठी? तर अशा प्रश्नाला 'निसर्ग अमूल्य आहे' एवढंच उत्तर देऊन भागत नाही. ज्याला अमूल्य म्हणतात त्याचा आकडा फाइलीत शून्य लिहिला जातो, हा अनुभव आहे.

म्हणून अर्थशास्त्रज्ञ आडमार्गाने मोजतात. लोक तिथवर यायला किती वेळ आणि पैसे घालवतात? रानाकडे तोंड असलेल्या घराला किती जास्त भाव मिळतो? रान राखायला वर्षाला किती द्याल, असं लोकांना विचारलं तर काय सांगतात? आणि ते नसतं तर काय नुकसान झालं असतं? हा शेवटचा प्रश्न वेळचेरीच्या लोकांना विचारा. पळ्ळिकरणैची दलदल ही दक्षिण चेन्नईचं पावसाचं पाणी शोषून घेणारी जागा. तिच्यावर कचऱ्याचं डंपिंग झालं, रस्ते आले, इमारती आल्या. नकाशावर ती 'पडीक' होती, म्हणजे किंमत शून्य. १ आणि २ डिसेंबर २०१५ ला अड्यार नदी घरांत शिरली आणि वेळचेरीही पाण्याखाली गेली, तेव्हा त्या शून्याचा खरा आकडा कळला. दलदलीचं राहिलेलं क्षेत्र २०२२ साली रामसर यादीत गेलं, हे चांगलंच झालं. पण जे बुजलं ते परत कसं आणणार?

पैशात मोजण्याला मर्यादाही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. 'किती द्याल?' असं विचारलं तर श्रीमंताचा आकडा मोठा येतो आणि गरिबाचा लहान, म्हणून गरिबाची हवा कमी मोलाची ठरत नाही. अम्मांना वाटलेली लाज कोणत्याच तक्त्यात बसत नाही. आकडा ही सुरुवात आहे, निकाल नव्हे.

आता ज्याच्यासाठी जमलो त्या बाप्पाकडे येतो. प्लास्टरची मूर्ती मातीच्या मूर्तीपेक्षा हलकी, चकचकीत आणि पुष्कळदा स्वस्त. का स्वस्त? उत्तर आता तुम्हीच द्याल. (मुलांतून : बाह्य खर्च!) बरोबर. पाण्यात न विरघळणारं प्लास्टर आणि रंग यांचा खर्च मूर्तीच्या किमतीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित नियम केले. तमिळनाडूत अशा मूर्ती विकायला मद्रास उच्च न्यायालयाने केलेल्या मनाईत हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नकार दिला. पण मला त्याहून जास्त भावते ती इथली जुनी रीत. चतुर्थीच्या सकाळी रस्त्याकडेला कच्च्या मातीचे पिळ्ळैयार साच्यातून काढून देतात, वर कागदाची छोटी छत्री. रंग नाही, चमक नाही. पूजा झाली की कित्येक घरांत तो पिळ्ळैयार परसातल्या विहिरीत सोडत. ज्या विहिरीचं पाणी उद्या प्यायचं आहे, तिच्यात कोणी विष सोडेल का? करणारा आणि सोसणारा एकच असला की हिशोब आपोआप जमतो. तो दोघांत वाटला गेला, की कायदा, कर आणि कोर्ट लागतं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या कारखाने काढतील, काही पूल बांधतील, काही सरकारी फाइलींवर सही करतील. तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा. या व्यवहारात बाहेर उभा असलेला तिसरा माणूस कोण? त्याच्यावर किती खर्च पडतो? आणि तो त्याला कधी भरून मिळणार? यातला तिसरा प्रश्न विसरू नका. पालारच्या लोकांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं १९९६ आणि २००१ मध्येच मिळाली होती. तिसऱ्यासाठी त्यांच्यातल्या कित्येकांना २०२५ पर्यंत थांबावं लागलं.

 हे पाकीट मी फेकून देणार नाही. ते दिसेल तेव्हा अम्मांची विहीर आठवेल. चिटणीस घड्याळ दाखवत आहेत, महाप्रसाद तयार आहे. पानात टाकू नका, कारण त्याचाही खर्च कोणीतरी भरलेला आहे.

गणपती बाप्पा मोरया!